संगणकाले मराठी शिकवणं : गावाकडून येणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. मराठीचं व्याकरण आणि संगणक या दोघांच्या मधल्या बांधावर गेली सतरा-अठरा वर्षं काम करतोय. दिवाळीत गावी आलो की आसपासच्या शाळा-कॉलेजांत बोलायला बोलावतात आणि पुढे महिनाभर व्हॉट्सॲपवर प्रश्न येत राहतात. बरेचसे तेच तेच असतात, म्हणून इथे एकत्र केले. ज्याने जसं विचारलं तसंच ठेवलंय, फक्त नावं काढली आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल तिथे आकडा दिलाय.

१. भाऊ, तुम्ही नेमकं करता काय? माह्या बापाले समजंल असं सांगा.

कापूस विकायला नेला की तिथे प्रतवारी होते. धागा किती लांब, ओलावा किती, काडीकचरा किती ते पाहतात. मी वाक्यांचं तसंच करतो. वाक्य हातात घ्यायचं, त्यात कोणी केलं, कोणावर केलं, कोणता शब्द कोणाला बांधलाय हे एकेक करून नोंदवायचं. या नोंदीला टॅग म्हणतात आणि वाक्य असं उलगडण्याला पृथक्करण. अशी हजारो वाक्यं यंत्राला दाखवली की न पाहिलेल्या वाक्यातही त्याला तो अंदाज बांधता येतो. मोबाइल बोललेलं लिहून देतो, हिंदीचं मराठी करतो, त्याच्या मुळाशी हे काम असतं. पुस्तकी नाव संगणकीय भाषाविज्ञान.

माझे बाबा पाहुण्यांना सांगतात, 'पोरगा कॉम्प्युटरले मराठी शिकवते.' या वाक्यातलं 'शिकवते' लक्षात ठेवा, प्रश्न ८ मध्ये लागेल.

२. व्याकरण तर शाळेतच झालं. त्यात संशोधन करायला उरलंच काय?

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ सालचं, मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचं. दामले आजही माझ्या टेबलावर असतात. पण ही पुस्तकं माणसासाठी लिहिलेली आहेत. वाचणाऱ्याला मराठी येतेच, पुस्तक फक्त नियम दाखवतं. यंत्राला काहीच येत नसतं.

साधी गोष्ट घ्या. 'विंचू'ला प्रत्यय लावला की 'विंचवाला' होतं. 'लाडू'चं 'लाडवाला'ही होतं आणि 'लाडूला'ही. 'काजू' मात्र जागचा हलत नाही, 'काजूला'च. शेवटी तिन्हीकडे 'ऊ', तिन्ही पुल्लिंगी. दुसरीतलं पोरही यात चुकत नाही, आणि का चुकत नाही ते त्याला सांगता येत नाही. ते 'का' शोधून असं मांडायचं की उद्या 'मेनू' आला तर यंत्राने 'मेनवाला' म्हणू नये. उरलेलं संशोधन ते हे.

३. हे काम आयटीवाल्यांचं की मराठीच्या प्राध्यापकांचं?

दोघांचं. एकट्या आयटीवाल्याला दिलं तर तो वऱ्हाडीला चुकीची मराठी समजून दुरुस्त करतो, एकट्या प्राध्यापकाला दिलं तर दहा वर्षांत सुंदर प्रस्तावना लिहून होते. मी दोन्ही प्रकार जवळून पाहिलेत, आणि दुसऱ्या प्रकारात मी स्वतःही मोडत होतो.

४. मी बी.ए. मराठी करते आहे, तालुक्याच्या कॉलेजात. गणित दहावीनंतर सुटलं. मला जमेल का?

जमेल, पण फुकट नाही. तीन गोष्टी लागतात. भाषेचं विश्लेषण तुझ्याकडे अर्धं आहेच. दुसरं आज्ञावली, म्हणजे संगणकाचा प्रोग्राम लिहिणं, त्यासाठी पायथॉन ही संगणकाची भाषा. रोज तासभर दिला तर सहा-आठ महिन्यांत फायली वाचणं, शब्द मोजणं, यादी लावणं जमू लागतं. तिसरं संभाव्यता आणि सरासरीचं गणित. शंभर पोत्यांतली किती भिजलेली निघतील याचा अंदाज बांधता येत असेल तर सुरुवातीला तेवढं पुरतं. पुढे रेषीय बीजगणित लागेल, तेव्हा रडू येईल, मलाही आलं होतं.

तुझ्या ओळखीत कोणी शाळकरी पोरं असतील तर त्यांना 'पाणिनि लिंग्विस्टिक्स ऑलिम्पियाड'बद्दल सांग. कधी न ऐकलेल्या भाषेची दहा-बारा वाक्यं आणि त्यांचे अर्थ देतात, नियम आपण शोधायचा. पाठांतर शून्य. यातून निवडलेली मुलं आंतरराष्ट्रीय भाषाविज्ञान ऑलिम्पियाडला जातात. ती २००३ पासून भरते आणि २०१६ साली आपल्याकडे म्हैसूरला झाली होती.

५. शिकायचं कुठे? विदर्भात काही आहे का?

आहे, आणि लोकांना माहीत नसतं. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात भाषा-तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आहे. हिंदी विद्यापीठ म्हणून मराठीची मुलं तिकडे फिरकत नाहीत, हे बरोबर नाही. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालंय. ज्या गावात चक्रधरांच्या आठवणी लिहून मराठी गद्याची सुरुवात झाली तिथेच ते असावं हे योग्यच, पण संगणकाच्या बाजूने तिथे काय उभं राहतं ते अजून पाहायचंय.

विदर्भाबाहेर पुण्याचं डेक्कन कॉलेज भाषाविज्ञानासाठी. मराठीच्या बोलींचं सर्वेक्षणही त्यांनी केलंय, त्यातल्या ध्वनिफिती मी अजून ऐकतो. आयआयटी मुंबईत भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्र आहे, मराठी शब्दजाळ (अर्थाच्या नात्याने जोडलेला शब्दसंग्रह) तिथलं. हैदराबादला ट्रिपल आयटीत बारावीनंतरच संगणकशास्त्र आणि संगणकीय भाषाविज्ञान अशी जोडपदवी मिळते. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था १९६९ पासून आहे. प्रवेशाच्या अटी दरवर्षी थोड्या हलतात, त्या तिथूनच पाहा, माझ्याकडून नको.

६. घरचे म्हणतात, यात पैसा किती?

घरच्यांचं बरोबर आहे, आधी तेच विचारावं. नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही पीएचडीसाठीच्या शिष्यवृत्त्या आहेत. पैसे महिन्याच्या महिन्याला येतील असं धरून उधारी करू नका, कधी कधी चार-सहा महिन्यांचे एकदम येतात, कापसाच्या चुकाऱ्यासारखे. खासगी कंपन्यांत जास्त मिळतं, पण तिथे आज्ञावली चांगली लिहिता आली पाहिजे.

आणि एक. 'घरबसल्या मराठी टॅगिंग, नोंदणी फी १,५०० रुपये' असे संदेश फिरतात. काम देणारा पैसे मागत नसतो. आमच्या गावातल्या दोन पोरांनी भरले, परत मिळाले नाहीत.

७. इंग्रजी, हिंदी बरोबर येतं, मग मराठीतच मशीन का गडबडतं?

एक कारण आपल्या शब्दांच्या घडणीत आहे. 'वावरातल्यांनासुद्धा' हा एक शब्द. आत काय काय आहे पाहा: वावर (म्हणजे शेत), मग सामान्यरूपाचा 'आ', मग 'त', मग 'ल्यां', मग 'ना', मग 'सुद्धा'. इंग्रजीत यासाठी चार-पाच सुटे शब्द लागतील आणि ते सगळे यंत्राने लाखो वेळा पाहिलेले असतील. 'वावरातल्यांनासुद्धा' हे अख्खं रूप त्याने कदाचित एकदाही पाहिलेलं नसतं. आजची यंत्रं शब्दाचे तुकडे पाडतात, पण ते तुकडे व्याकरणाने पाडत नाहीत, वारंवार शेजारी दिसणारी अक्षरं एकत्र ठेवतात. त्यामुळे तुकडा भलत्याच ठिकाणी पडतो. नारळ फोडायला कुऱ्हाड घेतल्यासारखं होतं.

दुसरं कारण कंगालपणा. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. पण जगभरच्या भाषांचे एकाच पद्धतीने पृथक्करण केलेले जे वाक्यसंग्रह खुले आहेत, त्यांत हिंदीची साडेसोळा हजारांहून जास्त वाक्यं आणि मराठीच्या पहिल्या संग्रहात पाचशेहूनही कमी. हा आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं पान नीट उघडलं नाही. ८ कोटी लोक आणि पाचशे वाक्यं! आमच्या चावडीवर एका संध्याकाळी याहून जास्त बोलली जातात.

८. 'तो जाते', 'बाप शिकवते' हे अशुद्धच ना? मग अशी वाक्यं जमवता कशाला?

प्रमाण मराठीत पुरुष 'जातो', बाई 'जाते'. वऱ्हाडीत 'मी जातो', पण 'तो जाते' आणि 'ते जाते' (आमच्याकडे 'ती'ला 'ते' म्हणतात). म्हणजे वर्तमानकाळात तृतीय पुरुषाचं लिंग क्रियापदावर उमटतच नाही. यात गोंधळ नाही. गावातला कोणीही माणूस हा नियम मोडत नाही, आणि जो मोडला जात नाही त्यालाच व्याकरण म्हणतात. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली आला. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरीला स्वतंत्र जागा दिलेली आहे, उधळ्या मुलाची गोष्ट त्या-त्या बोलीत लिहवून घेतलेली.

हे मला कसं कळलं ते सांगतो, कारण त्यात माझी अब्रू गेली. पहिल्या वर्षी मी टॅगिंगची नियमावली लिहिली. 'क्रियापदाच्या शेवटी -ते असेल तर स्त्रीलिंग.' घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसाने हे लिहिलं! लिहायला बसलो की मी पुणेरी होत होतो. तीन महिन्यांनी यंत्राचं पृथक्करण वाचायला घेतलं तर 'गोविंदा सकायी वावरात जाते' मध्ये गोविंदा बाई झालेला. पाटील, पोलीस पाटील, कीर्तनकार बुवा, सगळे बायका. नियमावली मागे घेतली आणि सगळी वाक्यं पुन्हा तपासली. आता तिथे 'लिंग : उमटत नाही' असा वेगळा टॅग आहे.

शुद्ध-अशुद्धाचं म्हणाल तर अर्ज लिहिताना प्रमाण मराठी लिहा, मीही लिहितो. पण यंत्राने गावातल्या माणसाचं बोलणं समजावं असं वाटत असेल तर त्याला ते बोलणं दाखवावं लागेल.

९. 'पऱ्हाटी' शब्द शोधला तर अर्ध्याच ठिकाणी सापडतो. फाइल खराब आहे का?

फाइल चांगली आहे. 'पऱ्हाटी' (कपाशीचं झाड) लिहायचे दोन रस्ते आहेत. एकात 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह, मग हलन्त, मग 'ह'. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, मग न दिसणारा जोडक, मग 'ह'. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्रासाठी ते दोन वेगळे शब्द. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हाला ठरलेला आकडा देणारी जागतिक पद्धत; तिचं नेहमीचं प्रमाणीकरण चालवलं तरी ते एक होत नाहीत, नियम हाताने लिहावा लागतो. काही जण रफार देऊन 'पर्हाटी' लिहितात, तो तिसरा. 'वऱ्हाडी' या शब्दाचंही हेच, म्हणजे बोलीचं नावच दोन तुकड्यांत.

'ॲ'ची तीच तऱ्हा. 'ॲ' हे एक चिन्ह २००८ साली आलं, त्याआधी 'अ'वर चंद्र चढवायचे आणि अजूनही चढवतात. कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांतल्या फायली तर युनिकोडच नाहीत, त्या आधी रूपांतरित कराव्या लागतात.

माझा सल्ला : कोणताही मजकूर हातात आला की मोजणी करण्याआधी ही झाडलोट करा. कंटाळवाणं काम आहे. मी विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात हेच देतो आणि त्यातले काही दुसऱ्या आठवड्यात येत नाहीत.

१०. फोनमध्ये बोलून लिहितो तर तो माझं वऱ्हाडी बदलून टाकतो. अर्थ तर बरोबर असतो, मग ही चूक धरायची का?

फार चांगला प्रश्न, यावर आमच्यात भांडणं होतात. बोललेलं लिहिणाऱ्या यंत्राची चूक अशी मोजतात: बदललेले, गाळलेले आणि जास्तीचे शब्द यांची बेरीज करायची आणि मूळ शब्दसंख्येने भागायची. तुम्ही म्हणालात 'मले काहून बलावलं'. यंत्राने लिहिलं 'मला का बोलावलं'. तीनपैकी तीन शब्द बदलले, म्हणजे चूक १०० टक्के. अर्थाच्या दृष्टीने चूक शून्य.

मी उपयोग पाहून ठरवतो. पीकविम्याची तक्रार नोंदवायची असेल तर अर्थ पोचला, पुरे. पण कोणी लोककथा उतरवून घेत असेल तर ती चूकच, कारण 'काहून' गेलं की गोष्टच गेली. उलट प्रकारही होतो. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, डोळा-डोया, शाळा-शाया, काळा-काया. एकदा 'काया बैल' असं भाषांतराला टाकलं, तर पलीकडून 'शरीर बैल' बाहेर आला.

११. माझी आजी अस्सल वऱ्हाडी बोलते. तिचं रेकॉर्डिंग करून पाठवू का?

आधी आजीला विचारा, आणि कशासाठी ते नीट सांगून विचारा. नंतर तिने नको म्हटलं तर पुसून टाकायची तयारी ठेवा. भावकीतली भांडणं, कोणाची उधारी, कोणाचं आजारपण आलं असेल तर तो भाग कापा. गाव, वय, माहेर लिहून ठेवा. माहेर फार महत्त्वाचं, पुसदची मुलगी दर्यापूरला नांदायला आली की तिच्या तोंडात दोन्ही असतात.

'हे वऱ्हाडीत कसं म्हणाल?' असं विचारू नका. मी एका काकूंना तसं विचारलं होतं. त्या पदर सारखा करून बसल्या आणि शाळेतल्या बाईंसारखं बोलू लागल्या, 'मी शेतामध्ये जात आहे.' अर्धा तास असाच गेला. तेवढ्यात शेजारची बकरी तुरीत शिरली आणि काकू रेकॉर्डर विसरून धुऱ्यावरून ओरडल्या, 'अवो, तुही बकरी तुरीत घुसून राह्यली ना वो!' त्या दिवसाचं कामाचं वाक्य तेवढंच. म्हणून सीतादही (कापूस वेचणीच्या वेळची पूजा) कशी करतात, लग्नात काय बिनसलं होतं, असं काहीतरी विचारा आणि गप्प बसा.

१२. टॅग लावणाऱ्या दोघांचं पटलं नाही तर कोणाचं खरं?

कोणाचंच लगेच नाही. 'मले भूक लागली' घ्या. क्रियापद 'भूक'प्रमाणे चालतं, म्हणून एक जण 'भूक'ला कर्ता म्हणतो. दुसरा म्हणतो, भूक लागली कोणाला? मला. मग कर्ता मी. दोघांकडे मुद्दा आहे. आम्ही 'भूक' कर्ता आणि 'मले' अनुभव घेणारा असं ठरवलं. ते बरोबरच आहे असा माझा दावा नाही, सगळीकडे एकसारखं आहे एवढाच.

पटण्याचं मोजमापही असतं. समजा १०० पैकी ८० वाक्यांत दोघांचं जुळलं. ऐकायला छान. पण टॅग दोनच असतील तर डोळे मिटून लावले असते तरी ५० ठिकाणी जुळलं असतं. म्हणजे योगायोगाच्या वर जुळण्यासारखी ५० वाक्यं होती, त्यातली ३० जुळली. म्हणून गुण ०.६. याला कोहेनचा कप्पा म्हणतात. ०.८ च्या वर आलं की मी समाधानी असतो. खाली आलं तर माणसं बदलण्याआधी नियमावली बदलतो, दोष बहुतेक वेळा तिच्यातच असतो. प्रश्न ८ मधला गोविंदा आठवा.

१३. संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा आहे असं नासाने सांगितलंय, खरं का?

नाही. १९८५ साली रिक ब्रिग्ज या नासाशी संबंधित संशोधकाने एका नियतकालिकात लेख लिहिला. संस्कृत व्याकरणकार वाक्याचा अर्थ ज्या पद्धतीने उलगडून मांडतात ती पद्धत कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या ज्ञानमांडणीशी जुळते, असं त्याचं म्हणणं. नासाची घोषणा वगैरे पुढचा फुगा.

खरी गोष्ट याहून रंजक आहे. पाणिनीने सुमारे ४,००० सूत्रांत भाषा बसवली. कोणता नियम आधी, कोणता नंतर, दोघांत टक्कर झाली तर कोणी हटायचं, हे सगळं त्यात आहे. कारकाची, म्हणजे क्रियेशी कोणत्या शब्दाचं काय नातं याची, त्याची कल्पना घेऊन राजीव संगल, विनीत चैतन्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी कानपूर आयआयटीत, मग हैदराबादला भारतीय भाषांसाठी पृथक्करणाची पद्धत उभी केली. 'वाघाने शेळी मारली' आणि 'शेळी वाघाने मारली' यांत शब्द इकडचे तिकडे झाले तरी मारणारा वाघच. इंग्रजीसारखं जागेवरून ठरवायला गेलात तर फसाल, इथे प्रत्यय बोलतात. मी रोज वापरतो ती पद्धत या घराण्यातली.

१४. आता एआयच सगळं करते. तुमचं काम संपलं का?

या यंत्रांनी माझी बरीच हमाली वाचवली, हे खरं. पण ती शिकली ती छापलेल्या मराठीवर. आणि ती चुकली हे सांगायला कोणीतरी लागतंच. 'मुलाने पोळी खाल्ली' आणि 'मुलाने पोळी खाल्ला' अशा जोड्या करून त्यांची परीक्षा घेणं हे सध्याच्या माझ्या कामातलं मोठं काम. सोप्या जोड्यांत पास होतात, पण मधे सात-आठ शब्द घातले की अडखळताना दिसतात.

१५. गोंडी, कोलामी, कोरकू यांनाही हीच पद्धत लावता येईल का?

मराठीची नियमावली उचलून लावू नका. गोंडी आणि कोलामी द्राविडी कुळातल्या, मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली. मराठीच्या शेजारी राहूनही या भाषांचा वंश वेगळा. आवाज गोळा करण्याची रीत (प्रश्न ११) आणि मतभेद मोजण्याची रीत (प्रश्न १२) चालेल. विश्लेषण मात्र ती भाषा घरात बोलणाऱ्यानेच करावं, आमच्यासारख्यांनी आज्ञावली लिहून द्यावी आणि बाजूला बसावं.

१६. मी ३६ वर्षांचा, जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. उशीर झाला का?

जेआरएफसाठी वयाची अट ३० आहे, काही प्रवर्गांना आणि महिलांना ५ वर्षं सवलत, तेव्हा ती वाट बहुधा बंद. पीएचडीला मात्र वयाची आडकाठी नाही. पोरं वर्गात पहिल्यांदा बोलतात ते त्यांच्या बोलीत, आणि ते तुमच्यासमोर. ही संधी मला नाही. वही घाला.

१७. 'पाहुणा जेवून राह्यला' याला टॅग कोणता? आमच्या ग्रुपमध्ये यावरून दोन तट पडलेत.

पडणारच. पुण्याच्या कानाला यात पाहुणा जेवला आणि मुक्कामी थांबला. आपल्याकडे पाहुणा आत्ता जेवतो आहे, ताटावरून उठलेला नाही. पहिल्या अर्थी दोन क्रिया, एक झाली मग दुसरी. दुसऱ्या अर्थी क्रिया एकच आणि 'राह्यला' नुसतं सहायक. अक्षरांवरून फरक कळत नाही. 'राह्यला' अशा उच्चाराने लिहिलं असेल तर वऱ्हाडीकडे झुकतं माप, पण वऱ्हाडी माणूसही कधी कधी खरोखर मुक्कामाबद्दल बोलतो.

आम्ही आधी आगेमागे पाहतो. 'अजून', 'आत्ता', 'थांब' असे शब्द असतील तर चालू क्रिया. 'रात्री', 'सकायी गेला' असं असेल तर दोन क्रिया. तेही नसेल तर बोलणाऱ्याचं गाव पाहतो. आणि ज्या वाक्यांपुढे गाव लिहायचं राहून गेलं ती वेगळ्या फायलीत टाकली आहेत. तिला नाव दिलंय 'पाहुणा', आणि ती अजून तशीच पडून आहे.